पाऊस आला की जातं

कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व), मुंबई
श्रावणातला रविवार, दुपार

प्रिय बंड्या,

परवा तू फोनवर विचारलंस, "आमच्याकडे पुढच्या आठवड्यात फायबरचं नेट जोडायला येतायत, काय काय बघून घेऊ?" मी म्हटलं, लिहून पाठवतो. तुला वाटलं असेल, टाळतोय. तसं नाही. फोनवर सांगितलं असतं तर तू दर वाक्याला "हं, हं" केलं असतंस आणि फोन ठेवल्यावर वहिनीला विचारलं असतंस, "तो काय म्हणत होता गं?" शिवाय यात माझी फजिती आहे, आणि ती आईसमोर मोठ्याने सांगण्यापेक्षा कागदावर बरी.

लालबागची खोली सोडून जूनमध्ये आम्ही इथे आलो, हे तुला माहीत आहेच. दुसरा मजला, हवा भरपूर, खाडी जवळ. सुतार, रंगारी, गॅसवाला या सगळ्यांच्या आधी हिने नेटची मागणी केली, कारण हिच्या ऑफिसच्या मीटिंगा संध्याकाळी साडेसातला सुरू होतात. जाळ्या, पडदे, मोरीचा नळ ही कामं अजून तशीच आहेत, नेट मात्र तिसऱ्या दिवशी आलं. गल्लीतल्या केबलवाल्याचा मुलगा आला, जिन्यातल्या डब्यातून काळी वायर काढून पॅसेजच्या बाजूने खिडकीतून आत घेतली, वाय-फायचा पांढरा डबा भिंतीला ठोकला, मोबाइलवर वेग दाखवला, सही घेतली आणि गेला. वीस मिनिटांचं काम.

आठवडाभरातच रडारड सुरू झाली. दिवसा सगळं झकास. संध्याकाळी दिवेलागणीला आई आरतीचं थेट प्रक्षेपण लावते, ते अडकायचं. पुजाऱ्याचा हात ओवाळताना अर्ध्यावर थांबलेला. मग हिची मीटिंग तुटायची. डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागायचा आणि कधीकधी 'एलओएस', म्हणजे सिग्नल तुटल्याचा, दिवा लाल व्हायचा. रात्रभर रखडत चालायचं, सकाळी परत ठणठणीत.

आईचं निदान पहिल्या दिवसापासून एकच होतं : "पाऊस आला की जातं तुझं नेट."

आणि मी, पदरचे पैसे खर्चून फायबर घेतलेला माणूस, तिला समजावत होतो. तुला चाळीखालच्या वाण्याचा फोन आठवतो ना? पावसाळ्यात नुसती खरखर आणि मध्येच कुणा परक्या माणसांचं बोलणं. ती तांब्याची जोडी होती. जॉइंटमध्ये पाणी शिरलं की एका तारेचा करंट दुसरीत उतरायचा. ही फायबरची वायर म्हणजे काच आहे, हिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही. वरच्या प्लास्टिकवर पाणी पडलं म्हणून आतल्या प्रकाशाला काय होणार? जॉइंटच्या पेटीत पाणी साचून बिघाड होतो, नाही असं नाही, पण तो रोज संध्याकाळी येऊन सकाळी निघून जात नाही. हे सगळं मी आईला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "बरं." तिचं 'बरं' तुला माहीत आहे.

कॉल सेंटरचं निदान वेगळं. "सर, तुमच्या एरियात संध्याकाळी लोड असतो." हे मला पटलं, कारण पटण्यासारखंच होतं. सगळे घरी येतात, सगळे मालिका बघतात, रस्ता तुंबतो. माझ्यासारख्या रोज फास्ट लोकलला लटकणाऱ्याला गर्दीचं कारण दिलं की तो गप्प बसतो.

तरी तीनदा तक्रार केली. तिन्ही वेळा तोच मुलगा आला आणि तिन्ही वेळा दुपारी. पहिल्यांदा ॲडॅप्टर बदलला. दुसऱ्यांदा टोकाचा हिरवा कनेक्टर कापून नवा लावला. तिसऱ्यांदा आख्खा डबाच बदलला. दर वेळी हातातल्या मीटरवर आकडा दाखवायचा, "काका, पॉवर एकदम मस्त येतोय बघा," आणि खरंच मस्त यायचा. डॉक्टरच्या दारात शिरताच ताप उतरावा तसं. त्याचा राग येत नव्हता, पोरगा कामसू आहे, पण बिघाड आणि तो यांची कधी गाठच पडत नव्हती.

मधल्या मधे एक भलताच शोध लागला, तो सांगून टाकतो. प्लॅन २०० एमबीपीएसचा, पण लॅपटॉप वायरने जोडला की आकडा कायम ९४ च्या आसपास. हा ९४ दिसला की समजून जा. डबा ते लॅपटॉप जी वायर असते तिच्यात तारांच्या चार जोड्या असतात. १०० च्या वेगाला दोनच जोड्या पुरतात, त्यावर जायचं तर चारही धड हव्यात. आपली जुनी वायर कुठेतरी दुमडून एक जोडी मेली होती. वायर बदलली, वेग आला. संध्याकाळचं दुखणं मात्र होतं तिथेच.

मग मी एक काम केलं जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. डब्याच्या पाठीवरच्या स्टिकरवर एक पत्ता असतो, आमचा १९२.१६८.१.१, आणि खाली पासवर्ड. तो ब्राउझरमध्ये टाकला की डब्याचं आतलं पान उघडतं. त्यात 'आरएक्स पॉवर' असं काहीतरी दिसेल. म्हणजे काचेतून किती प्रकाश येऊन पोचतोय. तो डीबीएममध्ये असतो आणि घरी नेहमी उणे असतो, त्याने घाबरू नकोस. शून्य म्हणजे एक मिलिवॉट. तिथून ३ ने खाली आलं की प्रकाश निम्मा, १० ने खाली आलं की दहावा हिस्सा. उणे २० म्हणजे एका वॉटचा एक लाखावा भाग. एवढ्याशा उजेडावर आईची आरती चालते. वाटेत स्प्लिटर नावाच्या डब्या एकाच काचेतला प्रकाश अनेक घरांना वाटतात, ३२ घरांत वाटला तर त्यातच आकडा १५-१७ ने खाली येतो. तरीही घरी उणे २० च्या आसपास आलं तर उत्तम. उणे २७ ही या घरगुती डब्यांची साधारण हद्द. त्याच्या खाली डबा चाचपडायला लागतो.

त्याच पानावर चुकांचेही आकडे होते. एफईसीचे, म्हणजे चूक-दुरुस्तीचे, दोन : दुरुस्त झालेल्या आणि न झालेल्या. गंमत अशी की पाठवतानाच माहितीबरोबर थोडे जादा बाइट पाठवलेले असतात, त्यांच्यावरून पलीकडे पोचलेली चूक डबा स्वतःच सुधारून घेतो. सुधारलेल्या चुका वाढल्या तर तुला कळतही नाही. न सुधारलेल्या वाढायला लागल्या की पुजाऱ्याचा हात थांबतो.

आता हे लिहून कुठे ठेवायचं? स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलंय, त्यावर आई दुधाचा हिशेब लिहिते. त्याच चौकोनांत मी पेन्सिलीने लिहायला लागलो. 'दूध १ लि.' आणि त्याखाली 'स. ८ : उणे २०, रा. ९ : उणे २९'. हिने एकदा विचारलं, दुधाचं फॅट लिहिताय का?

दोन दिवसांत गर्दीचं कारण निकालात निघालं. बंड्या, रस्ता तुंबला तर गाड्या हळू जातात, पण रस्त्यावरचे दिवे मंद होत नाहीत. लोक कितीही मालिका बघोत, माझ्या घरी पोचणारा प्रकाश कमी व्हायचं कारण नाही. आणि इथे तर ९ ने कमी, म्हणजे तीनदा निम्मा, आठवा हिस्सा. वाटेत कुणीतरी काच आवळत होतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे त्याच जिन्यातल्या डब्यातून वायर जाते. त्यांना विचारलं, "संध्याकाळी नेट जातं का हो?" म्हणाल्या, "कधीच नाही." म्हणजे जिन्यापर्यंत सगळं ठीक. चोर पुढच्या वीस-पंचवीस फुटांत.

कॅलेंडरवर आणखी एक गोष्ट होती, ती माझ्या डोळ्यांसमोर असून मला दिसली नाही. जुलैत चार दिवस सकाळ-संध्याकाळ सरळ उणे २०. मी खूश होऊन शेजारी 'तक्रारीचा परिणाम' असं लिहूनही ठेवलं. त्या चार चौकोनांत दूध अर्धाच लिटर होतं. आई डोंबिवलीला मावशीकडे गेली होती.

गेल्या शनिवारी दुपारी जेवून लॅपटॉप घेऊन बसलो होतो, तेच पान समोर उघडं. उणे २०.१. आभाळ भरून आलं, सर कोसळली. आई आतून लगबगीने आली आणि तिने खिडकीचं सरकतं दार खाटकन लावलं. मी पान ताजं केलं. उणे २८.८. डब्यावर लाल दिवा.

"बघ," आई म्हणाली, "आला पाऊस, गेलं तुझं नेट."

मी म्हटलं, "आई, खिडकी उघड." ती म्हणाली, "गाद्या भिजतायत." मीच उठून उघडली. उणे २०. लावली. उणे २८. उघडली, लावली, उघडली. आई माझ्याकडे अशी बघत होती की आता मांत्रिकाला बोलवावं लागणार.

त्या मुलाने वायर खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीतून, अगदी कोपऱ्यातून आत घेतली होती. दिवसा आम्ही दार चार बोटं उघडं ठेवतो, हवेला. संध्याकाळी डास येतात म्हणून आई ते पूर्ण लावते, पाऊस आला तरी लावते. आणि शेवटच्या बोटभर अंतरात दाराची कड त्या वायरीवर बसायची. काच तुटली नव्हती, नुसती टोकदार वाकत होती. काचेतला प्रकाश कडेला आपटून परत आत वळत वळत पुढे जातो, पण वाक फार तीव्र झाला की तो वळायचा राहतो आणि बाहेर सांडतो. कितीतरी देश ओलांडून, समुद्राच्या तळावरून हजारो किलोमीटर येऊन वर्सोव्याला केबली जमिनीवर चढतात, त्यांना काही होत नाही. आणि विक्रोळीला खिडकीच्या कोपऱ्यात बोटभर जागेत सगळं अडतं.

चौथी तक्रार केली, या वेळी सांगितलं, संध्याकाळी सातनंतरच या. मुलगा आला. मी काही बोललो नाही, फक्त त्याच्या हातात मीटर असताना खिडकी लावली. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. "काका, हे मीच केलंय," म्हणाला. दुसऱ्या दिवशी ड्रिल घेऊन आला, खिडकीशेजारी भिंतीला भोक पाडलं, बाहेरच्या बाजूला उतार ठेवून, म्हणजे पाणी आत येणार नाही. भोकात शिरण्याआधी वायरीला खाली झोळ दिला, थेंब तिथूनच गळून जातात. चेपलेला तुकडा कापून टाकला, नवा कनेक्टर चढवला. उणे १९.४. दिवसा आणि रात्री. चहा-पोहे झाले.

तर आता तुझं. वायर खिडकीतून, दाराच्या फटीतून घेऊ देऊ नकोस, भिंतीला भोक पाडायला लाव; शंभर-दोनशे रुपये मागितले तर दे. कपाटामागे वायर काटकोनात दुमडू देऊ नकोस, कोपऱ्यावर वाटीच्या काठाएवढा तरी गोल वळण राहू दे. उरलेली वायर कापायला लावू नकोस, गुंडाळी करून बाहेर टांगून ठेव, माझ्याकडे तीच कामी आली. हिरवा कनेक्टर हिरव्याच खोबणीत. निळा त्यात बसतो, पण हिरव्याचं तोंड आठ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं नसतं, आणि त्या फटीत प्रकाश वाया जातो. उघड्या टोकात डोळा घालून 'लाइट येतोय का' बघायचं नाही. तो प्रकाश दिसत नाही, पण लेझरच आहे. तुला हे मुद्दाम लिहितोय, कारण बॅटरी जिभेला लावून बघणारा माणूस तूच. जोडणी झाल्यावर तो मुलगा जायच्या आत पान उघडून आकडा लिहून घे. सही नंतर. तक्रार केलीस तर डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मागून घे, तो त्यांना द्यावाच लागतो, आणि दाद लागली नाही तर त्याच्यावरच वर अपील करता येतं. आणि रोज कुठल्या वेळी जातं ते लिही. नुसतं 'नेट जातं' म्हटलं की समोरचा 'रिस्टार्ट करा' म्हणतो, त्याचाही दोष नाही.

चिपळूणचा पाऊस आमच्यापेक्षा मोठा, तेव्हा तुझ्याकडेही कुणी 'पाऊस आला की जातं' म्हणालं तर वाद घालू नकोस. उठून बघ, पाऊस आला की घरात कोण काय करतं.

काल संध्याकाळी इथे धो धो कोसळला. खिडकी घट्ट बंद, आरती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सलग झाली. मी आईकडे बघितलं. तिने निरांजन ओवाळलं, हात जोडले आणि म्हणाली, "आज वारा नव्हता, म्हणून."

काकूंना नमस्कार. तुझा आकडा कळव.

तुझा,
पक्या