ते गाणं तुला आवडायचं

नाशिक, मंगळवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही सगळे रविवारी दुपारी निघालात आणि घर एकदम रिकामं झालं. आई म्हणाली, इतकी मिसळ उरलीय की रात्रीही तीच खावी लागणार. खाल्ली. तेव्हापासून तुला लिहीन लिहीन म्हणतोय. फोनवर हे नीट सांगता येणार नाही. तू मीटिंगमध्ये असतेस आणि मीही दोन वाक्यांत गुंडाळून टाकतो.

शनिवारी रात्री गच्चीवर स्टार ट्रेकचा, त्या अवकाशयानांच्या अमेरिकन मालिकांचा, विषय निघाला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. तुझे तिन्ही मित्र सगळ्या मालिका कोळून प्यालेले आहेत. मग त्यांतल्या 'एंटरप्राइज' या मालिकेच्या शीर्षकगीतावर गाडी आली. एकाने ते ओढून-ताणून म्हणून दाखवलं आणि सगळे खो खो हसले. तूही हसलीस. म्हणालीस, "ते गाणं लागलं की मी आधी रिमोट शोधते."

रिमोट तू शोधायचीस हे खरं आहे, मनू. पण तो आवाज वाढवायला.

तू नऊ वर्षांची होतीस. मामाने डीव्हीडींचा संच आणून दिला होता. ओझरहून माझी बस संध्याकाळी यायची, मी हातपाय धुवून चहा घेईपर्यंत तू डिस्क लावून बसलेली असायचीस. इंग्रजी शब्द तुला धड कळत नव्हते, तरी तू उभी राहून, उशी छातीशी धरून ते गाणं म्हणायचीस. मी पुढे पळवायला गेलो की रडायचीस. त्या गाण्याच्या चित्रांत काय काय आहे हे मी तुला एकेक फ्रेम थांबवून दाखवलं होतं. आधी शिडांची जहाजं, मग राइट बंधूंचं विमान, मग आवाजाच्या वेगाची भिंत ओलांडणारं बेल एक्स-१, अपोलो, मंगळावर उतरलेली ती छोटी सोजर्नर गाडी. आणि मधेच एन्टरप्राइज नावाचं खरं स्पेस शटल.

त्या शटलची गोष्ट तू मला पुन्हा पुन्हा सांगायला लावायचीस. त्याचं नाव आधी वेगळंच ठरलं होतं. मालिकेतल्या जहाजाचं नाव द्या म्हणून स्टार ट्रेकच्या प्रेक्षकांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना पत्रांचा पाऊस पाडला, म्हणून १७ सप्टेंबर १९७६ रोजी ते हँगरमधून बाहेर आलं ते एन्टरप्राइज या नावाने, आणि समोर मालिकेतले नट उभे होते. ते शटल कधीच अवकाशात गेलं नाही. १९७७ मध्ये त्याला दुसऱ्या विमानाच्या पाठीवरून वर नेऊन सोडायचे आणि ते तरंगत खाली उतरायचं, एवढ्याच चाचण्या झाल्या. पण त्या चाचण्यांवरच पुढची सगळी शटलं उतरली. मालिकेने खऱ्या यानाला नाव दिलं आणि पंचवीस वर्षांनी ते खरं यान मालिकेच्या गाण्यात येऊन बसलं. मी आयुष्यभर विमानांच्या कारखान्यात काम केलेला माणूस. हे बघताना माझा गळा दाटून यायचा, अजूनही येतो.

लोकांना ते गाणं का आवडत नाही हे मला माहीत आहे. आधीच्या मालिकांना शब्द असलेलं शीर्षकगीत नव्हतं. त्यात हे गाणं दुसऱ्याच एका चित्रपटासाठी १९९८ मध्ये झालेलं, रसेल वॉटसनकडून पुन्हा गाऊन घेतलेलं. ते काढून टाका म्हणून लोकांनी सह्याही गोळा केल्या होत्या. तिसऱ्या सीझनपासून त्यांनी त्याला ठेका घातला, तो मलाही नाही पटला. पण पहिल्या दोन सीझनमधलं ते साधं, जरा भाबडं गाणं त्या चित्रांना शोभतं असं माझं ठाम मत आहे. विमान बनवणारी माणसं भाबडीच असतात. त्याशिवाय लोखंडाचं काहीतरी उडेल यावर कोण विश्वास ठेवेल?

माझी आवड कशी झाली ते तुझ्या मित्रांना सांगायचं राहून गेलं. रविवारी सकाळी दूरदर्शनवर जुनी मालिका लागायची, १९६६ ते ६९ मधली, कॅप्टन कर्क आणि टोकदार कानांच्या स्पॉकची. मी शेजारच्या काकांच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर, दारात चपला काढून, जमिनीवर बसून बघायचो. स्पॉकचा शर्ट निळा आहे हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. लाल शर्टवाला मरतो हा त्यांचा ठरलेला विनोद, पण आमच्या टीव्हीवर सगळेच करडे. त्यामुळे कोण मरणार ते आम्हाला आधी कळायचं नाही. प्रत्येक वेळी जीव धाकधुक करायचा. जहाजातून ग्रहावर उतरलेला प्रत्येक माणूस परत यावा असं वाटायचं.

विज्ञानकथा म्हणजे पोरखेळ, असं तेव्हा घरीदारी सगळे म्हणत. म्हणून २०२१ च्या डिसेंबरमध्ये आपल्या नाशिकच्या साहित्य संमेलनाला नारळीकर सर अध्यक्ष झाले, तेव्हा मला कोण आनंद झाला. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत, तरीसुद्धा.

आता स्टार ट्रेकचा पहिला चित्रपट. १९७९ चा, रॉबर्ट वाइजचा. तुझे मित्र म्हणाले की तो बघताना झोप लागते, 'खान'वाला दुसराच खरा. जगातले बहुतेक चाहते हेच म्हणतात. मी गप्प बसलो, पण मला तो सगळ्या चित्रपटांत श्रेष्ठ वाटतो. का, ते तुला सांगतो.

कर्क आणि जहाजाचा इंजिनियर स्कॉटी त्या छोट्या डब्यासारख्या यानातून गोदीत उभ्या असलेल्या एन्टरप्राइजकडे जातात तो प्रसंग आठव. जवळजवळ पाच मिनिटं संवाद जवळपास नाहीत. गोल्डस्मिथचं संगीत, आणि ते दोघं जहाजाभोवती फिरतात. लोक म्हणतात, कापा हे. मनू, त्या जहाजाचं अठरा महिने ओव्हरहॉल झालेलं आहे. आमच्याकडे मिग ओव्हरहॉलला यायचं, तेव्हा त्याचा रंग खरवडून काढायचा, पंख वेगळे, इंजिन वेगळं, एकेका भागाला टॅग लावायचा. महिनोन्‌महिने ते नुसत्या सांगाड्यासारखं उभं असायचं. मग एक दिवस रंग होऊन, सगळी लॉकिंग वायर तपासून, कागद पुरे होऊन ते हँगरच्या दारात यायचं. आम्ही सगळे हातातलं काम टाकून बाहेर यायचो. कोणी बोलायचं नाही. रोज ज्याला हात लावलाय तेच विमान, पण उन्हात पहिल्यांदाच बघतोय असं वाटायचं. त्या प्रसंगात कॅमेरा जहाज दाखवतो, कर्क दाखवतो, आणि मधूनच स्कॉटीचा चेहरा. स्कॉटी जहाजाकडे कमी बघतो, कर्ककडे जास्त. त्याला कसं वाटतंय हे त्याला बघायचंय. स्कॉटीचं ते बघणं मला पाठ आहे, मी स्वतः तसं बघितलंय. चाचणी वैमानिक विमानाभोवती एक फेरी मारायचा तेव्हा मी त्याच्याच तोंडाकडे बघत असायचो.

तुझ्या आजीने हा चित्रपट आपल्याबरोबर पाहिला होता, आठवतं? ती मेथी निवडत बसली होती आणि त्या टोकदार कानांवर तिचा राग होता. हा प्रसंग आला तेव्हा तिचे हात थांबले. म्हणाली, "रथ निघायच्या आधी असंच बघतात रे सगळे." रामाचा रथ म्हणत होती ती, कामदा एकादशीचा. धुऊनपुसून, दोर लावून, फुलं चढवून रथ उभा असतो आणि ओढायला आलेली माणसं क्षणभर नुसती बघत राहतात. मला इतक्या वर्षांत हे सुचलं नव्हतं, तिला पाच मिनिटांत सुचलं.

ती शेवटपर्यंत बसली, त्याचं कारण मात्र वेगळं होतं. त्या चित्रपटात पृथ्वीकडे येणारी ती अफाट वस्तू, व्ही-जर, शेवटी कर्क हाताने पाटीवरची काजळी पुसतो आणि अक्षरं दिसतात: व्हॉयेजर ६. आपणच पाठवलेलं यान, सगळं शिकून, स्वतःला बनवणारा कोण हे विचारायला घरी परत आलेलं. खरी व्हॉयेजर दोनच, १९७७ ची. मी तुझ्या आजीला सांगितलं की त्या दोन्ही खऱ्या यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे आणि त्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटांची. तिने मेथीची परात खाली ठेवली. "आमच्या केसरबाई? त्यांना सांगितलं होतं का कोणी?" मला उत्तर देता आलं नाही. व्हॉयेजर १ सुटलं ५ सप्टेंबर १९७७ ला आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. मी तारखा सांगितल्या तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "लाव पुढे."

२०१२ मध्ये ते यान सूर्याची हद्द ओलांडून ताऱ्यांमधल्या अवकाशात गेलं, तेव्हा आजी नव्हती. मी तिच्या फोटोला सांगितलं.

ज्याला झोप येते त्याला येऊ दे. पण त्या चित्रपटात लढाई जवळजवळ नाही, खलनायक नाही, आणि स्पॉक आजाऱ्याच्या खाटेवरून कर्कचा हात घट्ट धरतो आणि म्हणतो की एवढी साधी भावना त्या अफाट यंत्राला कळत नाही. मला स्टार ट्रेक म्हणजे हेच वाटतं. 'खान' मला आवडतो, पण जहाजांची लढाई दुसरीकडेही बघायला मिळते. आणि हो, पहिल्या चित्रपटात इलिया झालेली पर्सिस खंबाटा आपल्या मुंबईची होती. भूमिकेसाठी तिने डोक्यावरचे केस काढले, हे तू शाळेत सगळ्यांना सांगत फिरायचीस.

'डीप स्पेस नाइन' या मालिकेबद्दल तुझ्या मित्राशी माझं खरंच पटलं नाही. त्यातला कॅप्टन सिस्को रोम्युलन या परग्रहवासीयांना युद्धात ओढण्यासाठी खोटं रेकॉर्डिंग बनवून घेतो, त्या भागाला तो सगळ्यात उत्तम म्हणाला. लिहिलाय फार ताकदीने, मान्य. पण माझ्याकडे तीस वर्षं इन्स्पेक्शनचा शिक्का होता, त्यावर माझा नंबर. न तपासलेल्या बोल्टवर तो शिक्का पडला असता तर एखादा मुलगा वर जाऊन परत आला नसता. शेवटी सिस्को हे आपल्याला पचवता येईल असं म्हणतो आणि स्वतःची नोंद पुसून टाकतो, तिथे मी टीव्ही बंद केला होता. युद्ध जिंकलं असेल, पण मी त्याच्या हाताखाली काम केलं नसतं.

आणि ट्युविक्स. 'व्हॉयेजर' नावाच्या मालिकेतला तो १९९६ चा भाग. ट्रान्सपोर्टरच्या, म्हणजे माणसांना क्षणात दुसरीकडे पोचवणाऱ्या यंत्राच्या, अपघातात जहाजावरचे टुवॉक आणि नीलिक्स मिळून एकच नवा माणूस होतो, त्याला जगायचं असतं, तो गयावया करतो. डॉक्टर नकार देतो, आणि कॅप्टन जेनवे स्वतःच्या हाताने त्याला वेगळं करून जुने दोघं परत आणते. जेनवेने खून केला असं मीही म्हणत होतो, अजूनही बहुतेक लोक म्हणतात. तू दहा वर्षांची होतीस. डोळे पुसत म्हणालीस, "बाबा, ट्युविक्स स्वतःसाठी बोलू शकत होता. त्या दोघांसाठी बोलायला कोणीच नव्हतं. म्हणून कॅप्टनला बोलावं लागलं."

मी त्या रात्री झोपलो नाही. आजवर त्यावर जे जे ऐकलं त्यात इतकं सरळ मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर मी माझं मत बदललं. शनिवारी तो विषय निघाला तेव्हा सगळे जेनवेला बोल लावत होते आणि मी तुझ्याकडे बघत होतो, आता ही बोलेल म्हणून. तू फोन बघत होतीस.

रागवलो नाही. तुझ्या मित्रांवर तर मुळीच नाही, गुणी मुलं आहेत. मला फक्त तुझं म्हणणं पुन्हा ऐकायचंय. बदललं असेल तर बदललेलं सांग, आपण भांडू. 'एंटरप्राइज'चा शेवटचा भाग, मे २००५ मधला, इंजिनियर ट्रिपला मारून टाकणारा, तो मात्र भिकार आहे. तिथे मी तुझ्या मित्रांच्या बाजूने आहे, हे त्यांना सांग.

चैत्रात रथाला सुट्टी काढून ये. सगळ्यांना घेऊन ये. दुपारी गर्दी वाढायच्या आत पंचवटीत जाऊ, रथ उभा असताना बघू. रात्री पहिला चित्रपट लावतो, मी कुठेही पुढे पळवणार नाही.

तुझा,
बाबा

ता. क. पांढरा चार्जर कोणाचा आहे? आईने कुरियरसाठी डबा भरायला घेतला आहे, त्यात टाकतो. 'एंटरप्राइज'ची पहिली डिस्कही टाकलीय. कडेला ओरखडा आहे, पण गाणं नीट वाजतं.