काळवंडलेलं नाणं खोटं नसतं

महोदय,

हर्णै बंदराजवळ माझं किराणा दुकान आहे. मासळीचा लिलाव आटोपला की गल्ल्यात ओली, खारट नाणी पडतात. दहाच्या नाण्याची पिवळी कड खाऱ्या हवेने काळवंडते, कधी हिरवट होते. परवा कोळंबी विकणाऱ्या एका आजींची अशी पाच नाणी एका ठिकाणी ‘नकली’ म्हणून परत केली. पन्नास रुपये मुठीत धरून त्या माझ्या दारात उभ्या होत्या. फार वाईट वाटलं.

नाणं जरा उजेडात धरून पाहा. सालाखाली पत्त्यातल्या चौकटसारखी छोटी खूण असेल तर ते मुंबईच्या टांकसाळीचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, ठिपका नोएडाचा. कोलकात्याच्या नाण्यावर खूणच नसते. या ठिपक्याला कितीतरी जण पोचा समजतात. ओरखडा नखाला खोल लागतो. रेघ वर उठलेली लागली, तर बहुतेक वेळा टांकसाळीतल्या ठशालाच तडा गेलेला असतो. त्यात नाण्याचा काय दोष? रुपयाचं चिन्ह नाण्यांवर २०११ पासून आलं, त्याआधीच्या नाण्यांवर ते शोधू नये. दहाच्या नाण्याचे तोवर निघालेले सगळे १४ नमुने चालतात, हे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच सांगितलं आहे.

बँकांनी ही माहिती मराठीत, मोठ्या अक्षरांत, मासळी बाजारात आणि एसटी स्थानकांवर लावावी, ही कळकळीची विनंती.

– एक दुकानदार, हर्णै (ता. दापोली)