मॅडम, तुम्ही आजीला विचारलंत

पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या नांदेड विभागातून आमच्या गावी आलेल्या मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

आभार मानायला उशीर झाला. पण तो दिवस आठवला की अजून भरून येतं, म्हणून चार लोकांसमोरच लिहितो.

देगलूर तालुक्यातलं आमचं गाव आणि वेशीतला तो वीरगळ, म्हणजे पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, तुमच्या लक्षात असेलच. रस्ता रुंद करताना जेसीबीनं त्याला उपटलं आणि नालीच्या कडेला पालथं टाकलं. फोटो घेऊन आम्ही आधी ज्या कचेरीत गेलो, तिथल्या माणसानं मान वर करून पाहिलंही नाही. "दगडच आहे ना? सरकवा बाजूला." ज्याच्यासमोर गावातलं प्रत्येक नवरदेवाचं घोडं थांबतं, त्याला हा माणूस असं बोलला. मला त्याचा राग आजही आहे.

नंतर तुमच्याकडे अर्ज कसा पोचला, कोणाकोणाच्या सह्या लागल्या, ते जाऊ द्या. तुम्ही आलात, हे खरं.

आमची कडूआजी रोज त्याला तेल-शेंदूर लावते. आमच्यासाठी तो भैरोबा. शिक्क्याची माणसं आली म्हटल्यावर म्हातारी कोपऱ्यात जाऊन बसली होती. आता देव गाडीत घालून नेणार, असंच तिला वाटलं. तुम्ही उतरलात, चपला लांब काढल्यात आणि दगडाकडे न जाता आधी तिच्याजवळ जाऊन बसलात. "आजी, तुमच्या देवाला हात लावू का?" एवढंच विचारलंत. आजी क्षणभर बघतच राहिली. मग म्हणाली, "लाव की माय, कोण नको म्हनलंय?"

तिला आजवर कुणी कशाची परवानगी विचारली नसेल. घरातही नाही.

मग तुम्ही साधं पाणी आणि मऊ ब्रश घेतलात. तारेचा ब्रश नाही, ॲसिड नाही. शेंदराच्या पुटाखालून सगळ्यात खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेतलेला माणूस निघाला, त्याच्या पाठीशी गुरं. वरच्या चौकटीत त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, त्याहून वरच्या चौकटीत शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला तोच वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. गावची गुरं वाचवताना पडलेला कुणीतरी आपलाच माणूस, आणि चंद्र-सूर्य आहेत तोवर त्याचं नाव राहावं म्हणून हा दगड, असं तुम्ही सांगितलंत तेव्हा शाळेतली लेकरं गप्प झाली. आजी म्हणाली, "म्हंजे आमचा भैरोबा खरंच राखण करत होता की."

वरच्या चौकटीला तिनं थोडा शेंदूर राहू द्या म्हटलं, तर तुम्ही राहू दिलात. हे तुमच्या नियमात बसतं की नाही, मला माहीत नाही. पण त्यामुळंच गावानं तुमचं बाकी सगळं ऐकलं. आमच्याकडं देवळं रंगवायची फार हौस. ऑइल पेंटचा डबा आणला की कोरीवकाम कायमचं बुजलं. मारुतीच्या देवळासाठी आणलेले डबे कमिटीनं परत दुकानात दिले, ही तुमचीच कमाई.

आमच्याच तालुक्यातल्या होट्टलच्या जुन्या सिद्धेश्वर मंदिराकडे आम्ही जत्रेपुरतेच जायचो. त्या दिवसानंतर लेकरं तिथल्या भिंतीवरची एकेक मूर्ती बोट दाखवून ओळखायला लागली आहेत. जुन्या वास्तू सांभाळायला पैसा, कायदा, शिक्के सगळं लागतं. पण अधिकारी माणूस गरिबाच्या शेजारी जमिनीवर बसला, की गाव स्वतःच राखणदार होतं. चांगुलपणाला कुठल्या फाईलची गरज नसते, मॅडम, आणि तो तुमच्यात भरपूर आहे.

वीरगळ आता वेशीतच, ओट्यावर उभा आहे. पांदीच्या कडेला आणखी दोन दगड अर्धे गाडलेले सापडलेत. आम्ही हात लावलेला नाही, कुणाला खणूही दिलेलं नाही. तुमची वाट बघतोय. आणि आजीनं निरोप दिलाय, या वेळी जेवल्याबिगर जायचं नाही.

आपला,
गावकऱ्यांच्या वतीनं एक शेतकरी