आत्याला वाचून दाखवा

लेमॉन्ट, इलिनॉय

ती. आबा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

परवा आत्यानं फोनवर विचारलं, "पीएच.डी. झाली म्हणतीस, मग अजून कसलं शिकतीस गं?" तेव्हा नुसती हसले. आता नीट लिहिते.

मी करते ते पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं संशोधनाचं काम. ते शिक्षण नव्हे. फी नाही, पगार आहे. पण कायमची नोकरीही नाही. साधारण एका वर्षाची ऑर्डर, मग काम बघून वाढ, बहुतेकांना तीनेक वर्षं. आपल्या उद्यमनगरच्या कारखान्यांच्या भाषेत सांगायचं तर हात तयार झालाय, पण हजेरीपटावर नाव पेन्सिलीनं लिहिलंय.

आमची आरगॉन ही १९४६ सालची सरकारी प्रयोगशाळा. इथल्या ऊर्जा खात्याच्या अशा १७ आहेत. आमच्याकडं १,१०४ मीटर घेराचं एक वर्तुळ आहे, त्यात इलेक्ट्रॉन फिरवून प्रखर क्ष-किरण काढतात. २०२३-२४ मध्ये जुनं यंत्र उपसून नवं बसवलं. त्यावर वेळ मिळावा म्हणून अर्ज करायचा, तो तज्ज्ञ तपासणार. मिळालेले दिवस मोजकेच, म्हणून तिन्ही पाळ्या चालवतो. रात्री तीनला गार भात खाताना, आबा, तुमची फाउंड्रीतली तिसरी पाळी आठवते.

आणि बघतो काय? तुमचा ब्लो होलच, ओतीव धातूत वायूनं पडतं ते भोक! लेझरनं धातूची पूड वितळवून थरावर थर चढवत सुटे भाग करतात. लेझर जोरात लागला की धातूची वाफ होते, तिच्या दाबानं खोल, अरुंद खड्डा पडतो. तो डळमळला की त्याचा तळ चिमटल्यासारखा तुटतो आणि वायूचा बुडबुडा आत राहतो. वर धातू गोठला की झालं भोक. सेकंदाला हजारो चित्रं घेतो, तेव्हा ते घडताना दिसतं. तुम्ही हातोडी मारून, बद्द आवाज आला की कास्टिंग बाजूला टाकायचा. तेव्हा मला ती जादू वाटायची.

पुढचं म्हणाल तर इथं कायमच्या जागा थोड्या. बरेचजण कंपन्यांत जातात, काही विद्यापीठांत. भौतिकशास्त्रज्ञ मारिया गेपर्ट-मायर याच आरगॉनमध्ये अर्धवेळ काम करत होत्या, त्याआधी कित्येक वर्षं बिनपगारी. १९६३ ला नोबेल मिळालं. हे आत्याला सांगा, पण माझ्याकडून तेवढी अपेक्षा नको म्हणावं. इंदूरला इंडस-२ नावाचं असंच क्ष-किरणांचं यंत्र आहे, सुमारे १७२ मीटर घेराचं वर्तुळ. लहान आहे, पण तिथून कोल्हापूर कितीतरी जवळ. पुढच्या वर्षी तिथं अर्ज टाकणार आहे. आईला एवढ्यात सांगू नका म्हटलं असतं, पण पत्र तीच आधी उघडणार.

एक काम आहे. शिरोलीच्या भंगारात ब्लो होलवाला तुकडा मिळाला तर ठेवा, बोटाएवढा पुरे. यंत्रात घालायचा नाही, टेबलावर ठेवायचा आहे. इकडं कुणी येणार असेल त्याच्याबरोबर द्या, आणि कांदा-लसूण चटणीच्या पिशवीत मात्र कोंबू नका.

तुमची,
छकुली