‘अजून बदल नाही’ एवढं कळवणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

तुमचं नाव आम्हाला माहीत नाही, आवाज तेवढा ओळखीचा आहे. घोडबंदर रस्त्यावरच्या गायमुख घाटाच्या दुरुस्तीच्या काळात वाहतूक नियंत्रण कक्षातून ठाणे-भिवंडीच्या गाडीवाल्यांना तुम्ही ज्या तऱ्हेने सांभाळलंत, त्याचे आभार तोंडी मानून भागणार नाही, म्हणून हे उघड पत्र.

घाट बंद असला की खरी अडचण घाटात नसते, ठाण्यातल्या कापूरबावडी चौकात असते. अवजड गाडी तिथून एकदा घोडबंदरकडे वळली की पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली असं पुढेच सरकावं लागतं. मेट्रोच्या कामाने रस्ता आवळलेला, त्यात 40 फुटी कंटेनर वळवायचा कुठे? म्हणून ‘घाट बंद’ ही पाटी गायमुखच्या तोंडाशी लावून काही साधत नाही. ती कापूरबावडीच्या अलीकडे दिसली तर गाडी कशेळी-अंजूरफाट्याला काढता येते. जेएनपीटी बंदरातून कळंबोलीमार्गे येणाऱ्याला तर शिळफाट्याच्या आधीच कळायला हवं, कारण मुंब्रा बायपासवर चढल्यावर थांबून विचार करायला जागा नाही. खारेगाव, माणकोली, अंजूरफाटा, चिंचोटी हा वळसा त्याने आधीच ठरवलेला बरा.

तुमच्या पाळीत हे बरोबर व्हायचं. आधी ‘कशेळीकडे घ्या’, मग ‘घाट बंद’. काय करायचं ते पहिलं, कारण नंतर. ताशी 80 च्या वेगाने गाडी सेकंदाला 22 मीटर कापते. रस्त्यावरच्या इलेक्ट्रॉनिक फलकावरची अक्षरं 200 मीटरवरून लागली, तरी वाचायला जेमतेम 9 सेकंद मिळतात. तेवढ्यात दोन ओळी वाचून होतात. याआधी आम्ही काय पाहिलंय, तर पुढे रांग लागलेली आणि फलकावर सुविचार सरकतायत. किंवा रस्ता कधीचाच खुला झालाय आणि ‘बंद’ अजून झळकतंय. असा शिळा मजकूर दोनदा दिसला की ड्रायव्हर तिसऱ्यांदा फलकाकडे बघतच नाही. त्यापेक्षा कोरा फलक परवडला.

फोनवरचा अनुभवही असाच होता. बंद पडलेल्या गाडीतून फोन केला की पहिला प्रश्न, ‘कुणाच्या हद्दीत आहात?’ केंद्राचा रस्ता, राज्याचा, महापालिकेचा की दुसऱ्याच कुठल्या प्राधिकरणाचा, हे परराज्यातल्या ड्रायव्हरने कुठून सांगायचं? तुम्ही विचारायचात, ‘दादा, मैलाच्या दगडाचं डोकं पिवळं की हिरवं?’ पिवळं म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, तिथे 1033 हा मदतीचा फोन चालतो. हिरवं म्हणजे राज्य महामार्ग, तिथली मदत वेगळी. मग जवळच्या छोट्या दगडावरचा आकडा. दर 200 मीटरला 2, 4, 6, 8 लिहिलेले ते दगड कशासाठी असतात, हे आमच्यातल्याही कित्येकांना तेव्हा कळलं. शेवटी, ‘गाडीचं तोंड नाशिककडे की मुंबईकडे?’ हे विचारलं नाही तर क्रेन पलीकडच्या बाजूला येऊन उभी राहते आणि पुढच्या वळणापर्यंत जाऊन परत फिरण्यात वेळ घालवते. हद्द शोधणं हे कक्षाचं काम, अडकलेल्या माणसाचं नाही, हे तुम्ही बोलून न दाखवता पाळलंत.

पण मनात घर करून राहिलेली गोष्ट याहून लहान आहे. ‘पुढची खबर साडेचारला’ असं तुम्ही म्हणालात की साडेचारला खबर यायचीच. सांगण्यासारखं काही नसलं तरी यायची: ‘अजून बदल नाही. पुढची खबर पाचला.’

या एवढ्याशा शब्दांवर किती गोष्टी अवलंबून असतात! ड्रायव्हर इंजिन बंद करून अर्धा तास डोळा लावतो. दुसरी गाडी गोदामातच रोखून धरता येते. दूध किंवा औषधं असली तर माल दुसऱ्या गाडीत चढवायचा की थांबायचं, हे ठरवता येतं. अवजड गाड्यांना शहरात ठरावीक वेळी जी मुभा असते, ती गाठता येणार की पुढच्या वेळेवर जाणार, याचा हिशेब बसतो. कुणी काहीच कळवलं नाही तर प्रत्येक जण स्वतः फोन लावतो, लाइन तुंबते आणि ज्याला खरोखर क्रेन किंवा ॲम्ब्युलन्स हवी असते त्याचा फोन लागत नाही. ‘बदल नाही’ ही सुद्धा बातमीच आहे, हे आजवर फार थोड्या कार्यालयांना उमगलंय.

दारात आलेल्याला ‘बसा, जरा वेळ लागेल’ एवढं सांगायची आपल्याकडे रीत आहे. त्याला पैसा लागत नाही, वरून आदेश यावा लागत नाही. खुर्चीतल्या माणसाने तेवढं जपलं की रांगेत उभ्या असलेल्याचा संताप निम्मा ओसरतो. घाट तुम्ही लवकर खुला करू शकत नव्हतात, हे सगळ्यांना कळत होतं. तरीही त्या दिवसांत तुमच्यावर कुणी आवाज चढवल्याचं आमच्या कानावर आलं नाही.

एक विनंती. पाळी बदलताना वहीत पुढच्या खबरीची वेळ लिहून देत जा, म्हणजे रात्री बसणाराही ती पाळेल. या पत्राची प्रत तुमच्या वरिष्ठांना पाठवतो आहोत. ही पद्धत सगळ्या पाळ्यांना लागू करा, असं त्यात वेगळं लिहिलंय.

आपले,
ठाणे-भिवंडीतून मालाचे ट्रक सोडणारे आम्ही सगळे