चूक पान एकवर, खुलासा पान सातवर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या उन्हाळ्यात मुलाकडे लिव्हरपूलला तीन महिने होतो. सकाळी चहाबरोबर पेपर लागतोच, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन 'सन' मागितला तर दुकानदार आपल्याकडचाच निघाला, हिंदीत म्हणाला, अंकल, इस शहर में ये नाम मत लेना. मला वाटलं मस्करी करतोय. त्याने काचेवरचं स्टिकर दाखवलं, 'सन' घेऊ नका म्हणून.

घरी येऊन मुलाला विचारलं तेव्हा सगळं कळलं. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो स्टेडियमवर लिव्हरपूल क्लबची फुटबॉल मॅच होती, तिथे चेंगराचेंगरी झाली आणि एकूण ९७ माणसं गेली. चार दिवसांनी 'सन'ने पहिल्या पानावर 'सत्य' असा मथळा देऊन ठोकून दिलं की दारू प्यायलेल्या प्रेक्षकांनीच मेलेल्यांचे खिसे कापले, पोलिसांच्या अंगावर लघवी केली वगैरे. हे आलं कुठून, तर पोलिसांकडून आणि एका खासदाराच्या तोंडून, आणि संपादक महाशयांनी ते तसंच्या तसं छापलं. तेव्हाचा ब्रिटनमधला सगळ्यात खपाचा पेपर हो! २०१२ ला चौकशीचा अहवाल आला तेव्हा कळलं की पोलिसांचे १६० च्या वर जबाबच बदललेले होते. मग 'सन'ने पहिल्या पानावर माफी मागितली, पण तोवर २३ वर्षं गेली होती, आणि प्रेक्षकांचा काही दोष नव्हता हे ज्यूरीने सांगायला २०१६ उजाडलं. लिव्हरपूलचे लोक आजही तो पेपर घेत नाहीत, फुकट दिला तरी नाही.

'सन'सारख्या छोट्या आकाराच्या, सनसनाटी पेपरला टॅब्लॉइड म्हणतात. हा शब्द म्हणे मुळात एका औषध कंपनीच्या दाबून बनवलेल्या गोळ्यांचा. चपखल आहे, पटकन गिळायची, आत काय ते कोण बघतंय.

आणि आपण तरी काय वेगळे. दहाएक वर्षांपूर्वी आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाचा फोटो एका सांजपेपरने सोनसाखळी चोर म्हणून छापला, नाव सारखं होतं एवढाच त्याचा गुन्हा. फोटो पहिल्या पानावर, तीन कॉलम. खुलासा आला आठवड्याने, सातव्या पानावर, बोअरवेलच्या जाहिरातीखाली, चार ओळी. त्याच्या आईने ते कात्रण लॅमिनेट करून घेतलं होतं, दूधवाल्याला दाखवायची, पोस्टमनला दाखवायची, जिन्यात कुणी भेटलं की पर्समधून काढायची. वाचणारे हो हो म्हणायचे पण फोटो काय कुणी विसरलं नाही. खरं सांगायचं तर तो पेपर मी पण ठाण्याला गाडीत चढताना रोज घ्यायचो आणि त्या दिवशी फोटो बघून मीसुद्धा आधी 'अरे, हा पण?' असंच म्हणालो, त्याच्या घरी जाऊन विचारायचं काही सुचलं नाही.

म्हणून एकच विचारायचंय. चूक ज्या पानावर आणि ज्या टायपात छापली त्याच पानावर, तेवढ्याच टायपात खुलासा छापायचा, हे तुमच्या पेपरला जमेल का? दुसऱ्यांचं सोडा, तुमचं सांगा. आणि हे पत्र छापलंत तर उत्तर पण त्याच्या खालीच छापा.

कळावे.
एक जुना वाचक, डोंबिवली