ब्रेक लाइटसाठी धावून आलेल्यांचे आभार

रिकॉलमध्ये, म्हणजे कंपनीने सदोष भागासाठी गाड्या परत बोलावल्या तेव्हा, ब्रेक लाइटचा स्विच बदलून मिळाला, तरी गाडीचे ब्रेक लाइट जातच राहिले. नवा बल्ब टाकला की काही दिवस बरे, मग पुन्हा तेच. सिग्नलला काच वाजवून 'मागचे लाइट लागत नाहीयेत' असं आवर्जून सांगणाऱ्या अनोळखी चालकांचे मनापासून आभार. तुमच्यामुळेच मागून येणाऱ्याचा जीव वाचला असेल.

आणि त्या वायरिंगवाल्या दादांचे तर किती मानू! त्यांनी थेट बल्बचा होल्डर उघडला. अर्थिंगची (वीज गाडीच्या बॉडीत परत नेणारी) पिन गंजून हिरवी पडलेली, भोवतीचं प्लास्टिक वितळून तपकिरी झालेलं. गंजलेल्या जोडात रोध वाढतो, जोड तापतो आणि बल्बपर्यंत पुरेसा व्होल्टेज पोचत नाही, हे त्यांनी मीटर लावून शांतपणे समजावलं. कनेक्टर बदलला, अर्थिंगची जागा घासून घट्ट केली. तेव्हापासून दिवे व्यवस्थित आहेत. 'रिकॉलनंतरही बिघाड राहिला, हे कंपनीला लेखी कळवा' असं बजावणाऱ्या ताई, तुमचेही आभार. तक्रार नोंदवली आहे.